व्हेंटिलेटरवरच्या माणसाला उठवून बसवायचं का? अनुभव आणि मतं हवीत

मृदुला_फिजिओ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात आयसीयूत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. "तोंडात नळी आहे, श्वास मशिनवर चाललाय, आणि तुम्ही त्यांना पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवताय?" हा प्रश्न नातेवाइकांकडून मला जवळजवळ रोज येतो. त्यामागून ठरलेलं वाक्य येतं: "मॅडम, जरा आराम करू द्या. बरे झाले की चालतीलच."

त्यांची भीती मला कळते. पण निपचित पडून राहण्याची किंमत फार मोठी असते, आणि ती पुढे घरी गेल्यावर मोजावी लागते. लंडनमध्ये अतिगंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची सोनोग्राफीने मापं घेतली होती, तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दहाव्या दिवसापर्यंत स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटलं होतं. दहा दिवसांत! जे मांडीचं, तेच श्वासपटलाचं. सगळा श्वास मशीन देत राहिलं की तो स्नायूही ढिला पडतो, आणि मग मशीन काढायची वेळ आली की पेशंटला स्वतःचा श्वास पेलवत नाही.

बसवणं म्हणजे धरून उचललं आणि बसवलं असं नसतं. आधी नळी ओठापाशी किती सेंटिमीटरवर आहे ते बघायचं, तिची पट्टी घट्ट आहे ना ते बघायचं. एक जण फक्त नळी आणि व्हेंटिलेटरचे पाइप धरून उभा, दुसरं काहीही करायचं नाही. सलाइनच्या लाइन्स एका बाजूला घ्यायच्या, लघवीची पिशवी पलंगाच्या त्याच बाजूला आणायची. मग पाठ उभी, मग पाय खाली. डोळे मॉनिटरवर. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेला, बीपी पडलं, श्वास फार वाढला की परत आडवं करायचं. कधी पाच मिनिटं जमतं, कधी दोन.

तुमच्यापैकी कोणी व्हेंटिलेटरवर होतं का? नातेवाईक म्हणून तुम्हाला कशाची भीती वाटली? आणि डॉक्टर-सिस्टर मंडळी, तुमच्याकडे गाडं कुठे अडतं?

बापूसाहेब_सांगलीकर

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मला पटलं नाही. आजारी माणसाला विश्रांती हवी हे पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण आहे. माझ्या वडिलांना हार्ट अ‍ॅटॅक आला तेव्हा डॉक्टरांनी सहा आठवडे कूससुद्धा बदलू दिली नव्हती. पुढे ते वीस-एक वर्षं जगले. फुप्फुसं काम करत नाहीत म्हणून तर मशीन लावलंय ना? मग त्या शरीरावर आणखी ताण कशाला?

रात्रपाळी

मी सिस्टर आहे. गाडं कुठे अडतं ते सांगते. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक सिस्टर असावी असं सगळे म्हणतात. आमच्याकडे रात्री एकीकडे दोन, कधी तीन व्हेंटिलेटर असतात. पेशंट जागा असला की नळीला हात घालतो. मी दुसऱ्या बेडवर सक्शन करत असताना, म्हणजे नळीतला कफ ओढून काढत असताना, याने नळी ओढली तर? म्हणून गुंगीचं इंजेक्शन चालू राहतं, म्हणून हात बांधलेले राहतात. फिजिओ सकाळी येतात तेव्हा पेशंट गाढ झोपेत. मग ते हातपाय वरखाली करून जातात आणि फाइलमध्ये "पॅसिव्ह व्यायाम दिले" असं लिहिलं जातं.

त्याला उठवायची इच्छा नाही असं नाही हो. एका पेशंटला बसवायला चार जणं लागतात: मी, फिजिओ, वॉर्डबॉय मामा आणि आयाबाई मावशी. चौघं एका वेळी मोकळी सापडणं हाच खरा प्रश्न आहे.

मुक्ता_वाचक

रात्रपाळी +१०००. माझी नणंद हेच सांगते.

घाटवाट

मी राहिलोय व्हेंटिलेटरवर. न्यूमोनिया झाला होता, जवळपास तीन आठवडे आयसीयूत होतो. वय तेव्हा पन्नाशीच्या आत.

पहिल्या काही दिवसांचं जे आठवतं ते खरं नाहीच. मी एसटीच्या शेवटच्या सीटवर बांधलेला आहे आणि गाडी घाटातून चालली आहे, असं मला सतत वाटायचं. गाडी थांबत नव्हती. कंडक्टर दर थोड्या वेळाने येऊन माझ्या तोंडात काहीतरी खुपसायचा. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला. अंगाखाली हवेची गादी होती, बेडसोर होऊ नये म्हणून ती आळीपाळीने फुगते आणि बसते. ते हेलकावे म्हणजे घाट. आणि कंडक्टर म्हणजे सक्शन करणारे ब्रदर. ते आता भेटले की मी त्यांना "सातारा एक फुल" म्हणतो, तेही तिकीट फाडल्यासारखं करतात.

तेव्हा मात्र हसू येत नव्हतं. मला पळवून नेलंय अशी माझी खात्री होती आणि बायकोसुद्धा त्यांना सामील आहे असं वाटायचं.

मला पहिल्यांदा बसवलं तो दिवस मात्र लख्ख आठवतो. समोर खिडकी होती, बाहेर दुपार होती. पाय जमिनीला लागले. फरशी गार लागली आणि मी गाडीत नाही हे कळलं. मान धरवत नव्हती, फिजिओने कपाळाला हात लावून ती धरली होती. दम लागला, घाम फुटला. पण त्या दिवसापासून ती एसटी बंद झाली. बापूसाहेब, मला विचाराल तर आराम त्या दिवशी मिळाला. त्याआधी मी आडवा होतो एवढंच.

कृष्णाकाठ

मी भूलतज्ज्ञ, आयसीयू बघतो. घाटवाट, तुम्ही वर्णन केलंत त्याला आम्ही डिलिरियम म्हणतो. व्हेंटिलेटरच्या पेशंटमध्ये तो फार मोठ्या प्रमाणात दिसतो, आणि मिडाझोलॅमसारखी गुंगीची औषधं तो वाढवतात.

पण बापूसाहेबांची शंका उडवून लावू नये असं मला वाटतं. मृदुला यांच्या बाजूने एकच टोक मांडलं गेलंय, म्हणून दुसरं सांगतो. २०२२ साली 'टीम' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा देश, ७५० पेशंट. एका गटाला जास्तीत जास्त हालचाल देण्याचा प्रयत्न केला, रोज सरासरी २१ मिनिटं. दुसऱ्या गटाला त्या त्या आयसीयूतली नेहमीची, म्हणजे सुमारे ९ मिनिटं. १८० दिवसांत पेशंट जिवंत आणि हॉस्पिटलबाहेर किती दिवस राहिला, हे मोजलं. १४३ आणि १४५ दिवस. म्हणजे फरक नाही. उलट हृदयाची लय बिघडणं, बीपी पडणं, ऑक्सिजन उतरणं असे प्रकार जास्त हालचालीच्या गटात ९.२ टक्के जणांत झाले, दुसऱ्या गटात ४.१ टक्के.

अर्धांगवायूतही असंच झालं होतं. झटक्यानंतर २४ तासांच्या आत वारंवार उठवलेल्या पेशंटचा निकाल किंचित वाईटच निघाला. २,००० हून जास्त पेशंटची चाचणी होती ती, २०१५ ची. तेव्हा "जितकं लवकर, जितकं जास्त, तितकं चांगलं" हे खरं नाही.

यारा_तीरी

मेलबर्नमध्ये आयसीयूत नर्स आहे, मूळची चिपळूणची. टीम चाचणीचं नेतृत्व इथूनच झालं, त्यामुळे आमच्याकडे तिच्यावर खूप चर्चा होते.

कृष्णाकाठ सर, आकडे बरोबर आहेत. पण तो "नेहमीचा" गट काय होता हे भारतातल्या वाचकांनी नीट बघायला हवं. त्या गटालाही रोज ९ मिनिटं हालचाल मिळत होती, गुंगी कमी ठेवलेली होती, फिजिओ आयसीयूचा भागच होते. निपचित ठेवलेल्या, हात बांधलेल्या पेशंटशी तुलना तिथे झालीच नाही. माझ्या मते त्या चाचणीचं सांगणं इतकंच: चांगली काळजी आधीच मिळत असेल तर मिनिटं दुप्पट करून फायदा नाही, आणि पेशंट अजून अस्थिर असताना ढकलू नका. सांगलीत किंवा चिपळुणात प्रश्न ९ की २१ असा नाहीच. शून्य मिनिटांवरून पाचावर कसं यायचं, हा आहे.

आणि अनेक श्रीमंत देशांतही सगळीकडे पेशंट चालतायत असं समजू नका. जर्मनीत एका ठरावीक दिवशी देशभरच्या आयसीयूंची पाहणी केली होती. तोंडातून नळी असलेल्यांपैकी जेमतेम ८ टक्के पलंगाबाहेर आले होते.

मृदुला_फिजिओ

कृष्णाकाठ सर, बरं झालं तुम्ही टीमचा विषय काढलात. मी मुद्दाम बसवण्यापुरतंच बोलले होते, कारण माझाही आग्रह ढकलण्याचा नाही. बीपी टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस चढता आहे, मशिनमधून ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या वर द्यावा लागतोय, अशा पेशंटला मी त्या दिवशी हात लावत नाही. पलंगातच पाठ उभी केली तरी त्या दिवशी पुरे.

दुसरी बाजूही नोंदवते. २००९ मध्ये शिकागो आणि आयोवातल्या डॉक्टरांनी १०४ पेशंटवर अभ्यास केला. रोज गुंगी थांबवून लगेच व्यायाम आणि रोजची कामं: बसणं, दात घासणं, केस विंचरणं. घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे ५९ टक्के निघाले, नेहमीच्या गटात ३५ टक्के. डिलिरियमही निम्म्या दिवसांवर आला, चारावरून दोन. शिकागोतूनच २०२३ मध्ये २०० पेशंटचा अभ्यास आला. वर्षभराने स्मरणशक्ती-विचारशक्ती मंदावलेले २४ टक्के विरुद्ध ४३ टक्के. पायांसाठी केलेल्या गोष्टीचा मेंदूला एवढा फायदा होतो, हे मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं.

दोन्ही शिकागो अभ्यासांत हालचाल पहिल्या चार दिवसांच्या आत सुरू झाली होती. आणि २००९ च्या अभ्यासात पहिली पायरी व्यायाम नव्हतीच, पेशंटला जागं करणं ही होती. झोपलेल्या माणसाला कोणी चालवू शकत नाही. म्हणून रात्रपाळी ताईंचा मुद्दा मला या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बापूसाहेब_सांगलीकर

वाचतोय. घाटवाट यांचा अनुभव वाचून थांबलो. पण मग माझ्या वडिलांना सहा आठवडे झोपवून का ठेवलं होतं? तेव्हाचे डॉक्टर काही कमी हुशार नव्हते.

जुनं_दफ्तर

बापूसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. थोडं अवांतर होईल, सांभाळून घ्या.

हार्ट अ‍ॅटॅकनंतर हृदयावर जखम असते, हालचाल केली तर ते फाटेल, अशी भीती होती. म्हणून सहा आठवडे पलंग. १९५२ साली बोस्टनमध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी अ‍ॅटॅक आलेल्या ८१ पेशंटना पहिल्याच आठवड्यात रोज आरामखुर्चीत बसवलं. सुरुवातीला हॉस्पिटलमधल्याच लोकांचा कडाडून विरोध होता. पण बसवल्याने पेशंटना अपाय झाला नाही, उलट त्यांची उमेद वाढली. अंथरुणात राहून पायांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या आणि त्या फुप्फुसात जाऊन येणारे मृत्यू, हा त्या काळी मोठा धोका होता. तरी ही पद्धत सगळीकडे पोचायला कितीतरी वर्षं लागली. तुमच्या वडिलांचे डॉक्टर त्यांच्या काळाप्रमाणेच वागले. (हेच लाउन पुढे अणुयुद्धाविरोधात उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या संघटनेचे सहसंस्थापक. त्या संघटनेला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं.)

आणि त्याच वर्षी, १९५२ मध्येच, कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घालून घेतली आणि रबरी पिशवीने हवा दिली. ती वाचली. मग सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. आजच्या आयसीयूचा जन्म तिथला. पोलिओची ती पेशंट मुलं बहुतेक जागी असायची. विद्यार्थी एका हाताने पिशवी दाबत त्यांना गोष्टी वाचून दाखवत, त्यांच्याशी खेळत. म्हणजे कृत्रिम श्वासावरचा पेशंट झोपलेलाच हवा, असं सुरुवातीला नव्हतं. ती सवय आपल्याला नंतर लागली.

बापूसाहेब_सांगलीकर

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. वडील बऱ्याच दिवसांनी उठले तेव्हा त्यांना न्हाणीपर्यंत जायला दोन माणसं लागायची, ते आता आठवलं.

शाल्मली_क

हा धागा आज सापडला आणि मी अक्षरशः श्वास रोखून वाचला. माझे बाबा आत्ता, या क्षणी व्हेंटिलेटरवर आहेत. वय ७१, दमा आहे, त्यावर न्यूमोनिया. आधी तोंडातून नळी होती, आता गळ्याला केली आहे. आज फिजिओ म्हणाले, उद्या खुर्चीत बसवू. आई रडायला लागली, "त्यांना त्रास देऊ नका" म्हणाली. आत्या म्हणते सही करू नकोस. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा दोन मिनिटं मिळतात. मी त्यांना नेमकं काय विचारू?

कृष्णाकाठ

शाल्मलीताई, तीन गोष्टी विचारा. बीपीची औषधं चालू आहेत का, आणि डोस उतरतोय की चढतोय? मशिनमधून ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतोय? आणि बाबा हाक मारल्यावर डोळे उघडून तुमच्याकडे बघतात का, सांगितलं तर हात दाबतात का? औषधं उतरती, ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत, आणि बाबा ओळख देतायत, असं असेल तर मी माझ्या स्वतःच्या वडिलांना खुर्चीत बसवू दिलं असतं. गळ्याच्या नळीचा फायदा हा की ती तोंडातल्या नळीपेक्षा स्थिर बसते, त्रासही कमी, त्यामुळे गुंगीची गरज कमी होते. पुढचं त्यांच्या डॉक्टरांना दिसतंय, मला नाही. शेवटचा शब्द त्यांचाच.

घाटवाट

ताई, आईंना तिथे उभं राहू द्या. माझी बायको समोर उभी होती. मला बोलता येत नव्हतं, पण "ही इथे आहे, म्हणजे हे लोक मला मारत नाहीयेत" एवढं कळलं. आणि बाबांना चष्मा लागत असेल तर तो आधी लावा! मला कितीतरी दिवस सगळं धूसर दिसत होतं आणि चष्मा बायकोच्या पर्समध्ये होता.

रात्रपाळी

चष्मा, कानाचं मशीन, आणि समोर दिसेल असं घड्याळ. भेटायला गेलात की वार सांगा, सकाळ आहे का संध्याकाळ ते सांगा, घरात काय चाललंय ते सांगा. "कसं वाटतंय?" विचारू नका, त्यांना उत्तर देता येत नाही आणि ते चिडतात. हो किंवा नाही म्हणता येईल असंच विचारा. आणि सिस्टरला विचारून रोज हातापायाला तेल लावा, बोटं हलवा. आम्हाला वेळ मिळत नाही, तुम्ही केलंत तर आम्हाला मदतच होते.

सिंहगडरोडकर

बोलता न येण्यावरून लिहावंसं वाटलं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुइलेन-बारेची साथ आली होती, आठवत असेल. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, आमचाच पट्टा. दूषित पाण्याचा संशय होता. दोनशेहून जास्त लोकांना झालं. माझी धाकटी बहीण त्यात सापडली. पायांपासून बधिरपणा चढत छातीपर्यंत आला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला.

या आजारात माणूस आतून पूर्ण जागा असतो. मेंदूला काही होत नाही, नसा बंद पडतात. तिला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, फक्त पापणी आणि भुवई हलत होती. इंग्रजी अक्षरांचा तक्ता हॉस्पिटलमध्ये होता, पण तो वापरताना ती दमून जायची. मग माझ्या आईने, ती शाळेत शिक्षिका होती, आपली वर्णमाला वापरली. आधी विचारायचं: स्वर? क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग? बरोबर वर्ग आला की ती भुवई उचलायची. मग त्या वर्गातलं अक्षर. काना-मात्रा सोडून द्यायच्या. तिचं पहिलं वाक्य होतं प-ठ-ख-ज. आम्ही सगळे रडत होतो आणि ती बिचारी केव्हापासून सांगत होती की पाठ खाजतेय!

मृदुलाताई, तिच्या वेळी उठवणं वेगळंच प्रकरण होतं. बसवलं की बीपी धाडकन उतरायचं, आडवं केलं की चढायचं. नसांच्या आजारात हे होतं म्हणे. म्हणून तिला पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभा होणाऱ्या टेबलवर घेतलं. आधी थोडा कोन, तो सोसला की आणखी थोडा. आणि थकेपर्यंत व्यायाम अजिबात द्यायचा नाही अशी सक्त ताकीद होती.

मृदुला_फिजिओ

वर्गांची युक्ती फार सुंदर आहे! आमच्या आयसीयूत तसा तक्ता करून लावते. आणि हो, गुइलेन-बारेत स्नायू थकवले की ते मागे जातात, तिथे रोजचा डोस बेतानेच वाढवावा लागतो. तिचं बीपी उतरायचं तेही त्या आजाराचंच लक्षण.

शाल्मली_क

काल लिहायला जमलं नाही. परवा बाबांना खुर्चीत बसवलं. डॉक्टरांना तिन्ही प्रश्न विचारले. बीपीचं औषध बंद झालं होतं, ऑक्सिजन ४० टक्के. आई शेजारी उभी राहिली, चष्मा लावला. बाबा दहा-बारा मिनिटं बसले, मग मान टाकली. संध्याकाळी थोडा ताप आला म्हणून आत्या म्हणाली, बघ, सांगत होते. काल बसवलं नाही. आज पुन्हा बसवलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तोंड पुसलं. मशीन अजून आहे, दिवसा थोडा वेळ काढून बघतात. आई आता फिजिओंची वाट बघते.

पण माझा पुढचा प्रश्न घरचा आहे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा. घरी आल्यावर कसं होणार?

कृष्णाकाठ

तापाचं कारण डॉक्टर शोधतीलच. खुर्चीत बसल्याने ताप येत नाही, हे आत्याबाईंना माझ्याकडून सांगा.

यारा_तीरी

शाल्मली, आत्तापासून विचार करतेयस ते उत्तम. टोरोंटोच्या डॉक्टरांनी फुप्फुसं गंभीर निकामी होऊन वाचलेल्या पेशंटना पाच वर्षं भेटून तपासलं होतं. फुप्फुसं बऱ्यापैकी सुधारली, पण सहा मिनिटांत चालण्याचं अंतर पाच वर्षांनीही अपेक्षेच्या ७६ टक्केच होतं. कितीतरी तरुण होते त्यात. त्यामुळे घरी आल्यावर बाबा लगेच पूर्वीसारखे झाले नाहीत तर ते आळस करतायत असं कोणी म्हणू नका. झोप न लागणं, चिडचिड, नाव न आठवणं हेही काही महिने दिसू शकतं.

मृदुला_फिजिओ

इथल्या घरांचं गणित वेगळं आहे आणि त्याबद्दल कमी लिहिलं जातं. परदेशी तक्त्यांत शेवटचं ध्येय असतं चालणं. आपल्या माणसाला जमिनीवरून उठता यायला हवं आणि उकिडवं बसता यायला हवं. ते मांडीच्या त्याच स्नायूचं काम आहे जो सगळ्यात आधी वाळतो. सुरुवातीला घरी कमोडची खुर्ची भाड्याने घ्या, वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते. डिस्चार्जच्या आधी फिजिओंना हट्टाने सांगा की दोन मजल्यांचे जिने आहेत, तेवढ्या पायऱ्या हॉस्पिटलच्या जिन्यात करून घ्या. पहिल्या दिवशी प्रत्येक मजल्याच्या मध्ये एक खुर्ची ठेवा. गळ्याची नळी निघाल्यावर पाणी पिताना ठसका लागतो का ते बघायला सांगा, लागत असेल तर आधी घट्टसर पदार्थ, पाणी नंतर. घरचा फिजिओ ठरवताना "शेक देणारा" नको, आयसीयूतून आलेले पेशंट हाताळलेला हवा.

रात्रपाळी

आणि घरी गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी बाबांना घेऊन एकदा आयसीयूत येऊन जा. आम्ही फक्त बेडवरचे पेशंट बघतो, चालत येणारे आम्हाला दिसतच नाहीत. आमच्याकडे एक आजोबा असे आले होते, त्यानंतर आठवडाभर मामा-मावशी न बोलावता बसवायला हजर व्हायचे.

घाटवाट

शाल्मलीताई, जिन्याबद्दल एक राहिलं. चढण्यापेक्षा उतरताना मांड्या जास्त थरथरतात. उतरताना माणूस पुढे हवा, मागे नको.